वणीकडचा वैशाख आणि गोठ्याची दुसरी वाट

नागपूरहून वरोऱ्यावरून वणीला जाणारी एस.टी. पाटाळ्याच्या पुलावर आली की मला मावशीचे गाव जवळ आल्यासारखे वाटू लागते. खाली वर्धा नदी. पावसाळ्यात जिच्याकडे बघताना छातीत धस्स होते, ती वैशाखात एवढीशी होऊन जाते. वाळूचे लांबच लांब पट्टे, त्यातून वाहणारी पाण्याची एक धार आणि त्या धारेवर पाणी प्यायला उतरलेली गुरे. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. तिथून कोळशाचे ट्रक सोबतीला येतात आणि वणी येईपर्यंत सोडत नाहीत. रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा काळ्या झालेल्या असतात.

वणीची ओळख बाहेरच्या माणसाला या कोळशामुळे असते, नाहीतर लोकनायक बापूजी अणे यांच्यामुळे. त्यांचा जन्म येथलाच, १८८० सालचा. इंग्रजी अमलात सगळा जिल्हाच वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. पण गुरांच्या माणसाला विचाराल तर तो रंगनाथ स्वामींच्या यात्रेची आठवण आधी सांगेल. या यात्रेत बैलबाजार भरतो. आमच्या मावसाजींनी त्यांची शेवटची जोडी याच बाजारातून आणली होती. लाख्या आणि ढवळ्या. त्या जोडीसाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

या खेपेला गाडीच्या खिडकीतून जागोजागी धूर दिसत होता. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. उन्हाळवाहीच्या दिवसांत धुऱ्यावरचे वाळलेले गवत आणि काट्याकुट्या पेटवून द्यायच्या ही वऱ्हाडातली जुनी रीत. बांध साफ होतो, साप-विंचवाची भीती कमी होते, काडी ओढली की काम झाले. सकाळी वारा पडलेला असताना पेटवलेला धुरा गुपचूप जळून जातो. दुपारी मात्र वाऱ्याची एखादी वावटळ उठते, जळते गवत उचलते आणि दोन शेते ओलांडून कुणाच्या गंजीवर नेऊन टाकते. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पेटवणारा घरी जेवाले गेला असंन आता." कुणीच काही बोलले नाही. सगळेच कास्तकार होते, आणि प्रत्येकाने कधी ना कधी धुरा पेटवून भाकरी खायला घर गाठलेलेच होते.

मावशीचे गाव वणीच्या पूर्वेला, वर्धेच्या अंगाला आहे. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. तिचा गोठा गावाच्या टोकाला, शेताला लागून. आज तिथे विटांच्या अर्ध्या भिंती आहेत, वर पत्रा आहे. २०१९ च्या एप्रिलपर्यंत तिथे आपल्याकडे सगळीकडे असतो तसाच गोठा होता. तुराट्यांचे कूड, त्यांना शेणमातीचा लिंपा, वर पऱ्हाट्या आणि पऱ्हाट्यांवर गवत. एका अंगाला सोयाबीनचे कुटार, दुसऱ्या अंगाला कडब्याची गंजी, मागे वर्षभराच्या सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्या. दार एकच, गावाकडे तोंड केलेले. आत बैलजोडी, गाय आणि तिचे वासरू, चार शेळ्या, वरच्या आढ्याला कोंबड्यांचे डालगे, आणि दाराशी साखळीला कुत्रा. थोडक्यात म्हणजे घरची सगळी पुंजी एका जळाऊ खोक्यात, आणि त्याला एकच तोंड.

त्या दुपारी कुणाच्या तरी धुऱ्याची आग पऱ्हाट्यांपर्यंत आली. मावसाजी वणीला गेले होते. घरी मावशी आणि सून. दोघी धावल्या तेव्हा मागचा कूड पेटला होता, पण दाराकडची बाजू अजून मोकळी होती. मावशीने विळ्याने गाईचे दावे कापले. सुनेने वासरू उचलले आणि ती बाहेर पळाली, तशी गाय हंबरत तिच्या मागे निघाली. शेळ्या कशा बाहेर आल्या ते कुणालाच आठवत नाही. लाख्याच्या तोंडात नायलॉनची म्होरकी होती. ती उष्णतेने विरघळून त्याच्या नाकाडावर चिकटली. तो डाग शेवटपर्यंत होता. ढवळ्याची गाठ मात्र सुटली. मावशीने त्याला शेपटीकडून ढकलून अंगणात आणले आणि ती कुत्र्याची साखळी काढायला वळली. तोवर गावची माणसे आली. आरडाओरडा, घागरी, बादल्या, कुणी मोटारीची नळी ओढतोय. त्या गर्दीतून ढवळ्या फिरला आणि शांतपणे, रोज संध्याकाळी जातो तसा, आत जाऊन आपल्या गव्हाणीपाशी उभा राहिला. मग आढे पडले.

मावशी आजही तेवढेच सांगते. "सोडलं होतं ना बाप्पा मी त्याले. माह्या हातानं सोडलं. वापस गेला थो."

त्या वर्षीच्या पोळ्याला लाख्या एकटाच उभा होता. मावसाजींनी खांदेमळणी केली, झूल घातली, पण त्याला तोरणाखाली नेले नाही.

ढवळ्या का परतला, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हते. वाटायचे, जनावर घाबरून वेडे झाले असेल. पुढे एका पशुवैद्यकाशी बोलणे झाले आणि त्यांनी मला उलटाच प्रश्न विचारला. "तुम्ही घाबरलात तर कुठे पळता?" घरी. बैलाचे घर कोणते? गोठा. बाहेर अनोळखी माणसे धावताहेत, ओरडताहेत, धूर आहे, पायात बादल्या येताहेत. आत त्याची ओळखीची जागा आहे, जिथे त्याला कधी कुणी मारले नाही, जिथे रोज चारा मिळाला. तो वेडा झालेला नव्हता. त्याला शिकवलेल्या एकाच वाटेने तो गेला. घोडे पाळणाऱ्यांना ही गोष्ट जगभर माहीत आहे. तबेल्याला आग लागली की घोडा बाहेर काढून लगेच मागे दार लावून घ्या किंवा त्याला दूर नेऊन बांधा, असे ते शिकवतात. आपल्याकडे हे कुणी सांगत नाही, कारण आपल्या मनात एकच असते की दावे सुटले म्हणजे जनावर सुटले.

म्हणून मावसाजींनी नवा गोठा बांधला तेव्हा पहिली गोष्ट केली ती दुसऱ्या दाराची. पहिले दार गावाकडे, दुसरे शेताकडे. नुसते दार ठेवून ते थांबले नाहीत, आणि माझ्या मते खरे शहाणपण इथेच आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते गुरांना पुढच्या दाराने आत घेत, थोडा वेळ बांधत, आणि मागच्या दाराने बाहेर काढून शेतातल्या एका ठरलेल्या कडुनिंबाखाली नेत. तिथे ढेप किंवा हिरवी वैरण ठेवलेली असे. पहिले चार-सहा दिवस गुरे दारात अडून राहिली. त्यांना ते भिंतीतले भोक वाटत असावे. मग गाय निघाली. गाईमागे वासरू, आणि मग सगळी. महिन्याभरात अशी सवय लागली की मागचे फाटक वाजले की गुरे आपणहून तिकडे तोंड करीत. गावातल्या काहींनी थट्टा केली. "ढोरायची शाळा भरवली का जी?" मावसाजी म्हणत, "हो, अन् मास्तर माही गाय हाये."

या थट्टेत खरेच होते. कळपात एक जनावर पुढे जाणारे असते. शेळ्यांत तर ते सहज ओळखता येते. बहुधा जुनी, थोडी हट्टी शेळी, जिच्यामागे बाकीच्या डोळे मिटून जातात. तिच्या गळ्यात घुंगरू असावे आणि संकटात तिला आधी बाहेर काढावे. करडे उचलली की आया मागून येतात. गाईचेही तसेच, पण वासरू तिला दिसेल असे न्यावे. दिसेनासे झाले तर ती ते शोधायला परत फिरते. बैल अडला तर त्याला समोरून ओढू नये. तो मागे रेटतो. खांद्याशी उभे राहून, नेहमीच्या हाकेने, चालायला लावावे. ओरडू नये, हे सांगणे सोपे आणि करणे अवघड. डोळ्यांवर ओले पोते धरून जनावर बाहेर काढतात, ते खरे आहे. पण ज्याला त्याची कधीच सवय नाही असा बैल कधी कधी जास्तच बिथरतो. म्हणून तेही एखाद्या निवांत दिवशी करून पाहावे.

आता गाठीविषयी. आमच्या लहानपणी दावी अंबाडीची असत, घरीच वळलेली. आज बाजारात रंगीबेरंगी नायलॉन मिळते. ते स्वस्त, पावसात कुजत नाही, चार वर्षे टिकते. पण आगीत ते जळून तुटत नाही, विरघळते. गाठीचा गोळा होतो, तो सुटत नाही, आणि म्होरकी असेल तर कातडीला चिकटते. निदान फाल्गुन ते ज्येष्ठ एवढे चार महिने गळ्यात आणि तोंडावर अंबाडीचा किंवा सुताचा दोर ठेवला तर काय बिघडते? लोखंडी साखळी असेल तर तीही तापते आणि उघड्या हाताने सोडता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. खुंट्याला गाठ मारायची ती बुटाच्या नाडीसारखी मारावी, म्हणजे मोकळे टोक ओढले की एका झटक्यात सुटते. जनावराकडून कितीही ओढ बसली तरी ती सुटत नाही, आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही सोडता येते. मावशीच्या गोठ्यात दोन्ही दारांच्या चौकटींना एकेक विळा टांगलेला आहे. तो गवत कापायला न्यायचा नाही असा तिचा दंडक. नातवाने एकदा नेला तर त्याला त्या दिवशी पन्हे मिळाले नाही.

कुत्र्याला गोठ्याच्या दाराशी साखळीने बांधून ठेवणे हा आपला एक फार मोठा अन्याय आहे, असे मला वाटते. रात्री जागा राहणारा तोच, सगळ्यांत आधी धुराचा वास लागणारा तोच, आणि पळू न शकणाराही तोच. आता त्याच्या गळ्यात कातडी पट्टा आहे आणि रात्री तो मोकळा असतो. कोंबड्यांचे डालगे आढ्यावरून काढून खाली, मागच्या दाराशी ठेवले आहे. आग लागली की डालगे उचलायचे आणि वर गोणपाट टाकायचे. अंधार झाला की कोंबड्या गप्प बसतात. मांजराची काळजी मावशी करीत नाही. "थे आपल्या आधी जाते," असे ती म्हणते. तरी तिच्या पिल्लांसाठी एक जुनी झाकणाची टोपली ठेवलेली मी पाहिली.

बाहेर काढलेली गुरे न्यायची कुठे? याचे उत्तर वैशाखातल्या काळ्या शेतात आहे. नांगरलेल्या रानात जळायला काही नसते. ढेकळांवर आग चालत नाही. आजूबाजूला गवत पेटलेले असले तरी मधल्या उघड्या काळ्या पट्ट्यात जनावर सुरक्षित राहते. मावसाजी म्हणून दरवर्षी कडुनिंबाभोवतीचे एक एकर सगळ्यांत आधी नांगरून ठेवत, बाकीचे शेत मागाहून. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात फेब्रुवारी २००९ मध्ये वणव्यांत १७३ माणसे गेली. तिथले अग्निशमन खाते गुरे पाळणाऱ्यांना हेच सांगते: गुरे वेळीच चरून साफ झालेल्या किंवा नांगरलेल्या, पाणी असलेल्या कुरणात न्या, आतली फाटके उघडी ठेवा, पण रस्त्याकडचे फाटक बंद ठेवा, गुरे रस्त्यावर आली की पळणाऱ्या गाड्यांत सापडतात आणि गाड्यांनाही अडवतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाईज नावाचे गावच्या गाव जळाले, ८५ माणसे मेली. तिकडे घोडे आणि गुरे गाडीत चढायला आधीपासून शिकवून ठेवा असे बजावतात, आणि वेळ नसेल तर जनावराच्या अंगावर रंगाने आपला फोन क्रमांक लिहून त्याला सोडून द्या, असेही सांगतात. सात समुद्रांपलीकडच्या त्या श्रीमंत लोकांना जे करावे लागते आणि आमच्या मावसाजींनी कडुनिंबाखाली जे केले, त्यांत मला फारसा फरक दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी झरी-जामणीच्या बाजूला जाऊन आलो. वणीपासून दक्षिणेला आणि पश्चिमेला गेलात की सपाट काळी जमीन संपून सागाची राने लागतात. मारेगाव, झरी-जामणी, पुढे पांढरकवड्याकडे टिपेश्वरचे १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. वैशाखात साग उघडा पडलेला असतो आणि त्याची ताटाएवढी पाने खाली घोटाभर साचलेली. पाऊल टाकले तरी कागद चुरगाळल्यासारखा आवाज होतो. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते आणि त्याआधी जंगलात जाळरेषा आखते, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा मुद्दाम जाळून किंवा झाडून साफ करते, जेणेकरून आलेली आग तिथे अडावी. आग लागते ती बहुतेक माणसाच्या हातून. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पेटवतात, बिडीचे थोटूक टाकतात. एका कोलाम पोडावर मला एक बाई मोहाखालची जागा खराट्याने झाडताना दिसली. शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ जागा. म्हणाली, झाडायला दोन तास लागतात, पण फुले भाजत नाहीत आणि शेळ्या इथेच बसतात.

आपल्या रानातला वणवा बहुधा जमिनीवरून चालतो, पाल्यातून आणि गवतातून. झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारणारी आग आपल्याकडे क्वचित. त्यामुळे गुराख्याला वेळ मिळतो, पण त्याने चुकीच्या दिशेला पळू नये. वाऱ्याच्या पुढे पळाले की आग मागून गाठते. चढावर तर ती सपाटीपेक्षा वेगाने येते. कळप वाऱ्याला आडवा काढावा आणि नदीची वाळू, नांगरलेले शेत, गाडीवाट, किंवा आधीच जळून थंड झालेली जागा गाठावी. जंगलाला आग दिसली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तो गुराख्याच्या मोबाइलमध्ये भरून द्यावा. जंगलात गेलेल्या गुरांना दावे नसते, हे त्यांचे नशीब. गावात बांधलेल्यांचे तसे नाही.

परत येताना कोळशाच्या एका ढिगातून धूर निघताना दिसला. उकणी, नीलजई, मुंगोली या भागांत उघड्या खाणी आहेत. उघड्यावर पडलेला कोळसा हवा लागून आतल्या आत तापतो आणि कुणी काडी न लावता पेटतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण आपली ओलसर रचलेली गंजीसुद्धा अशीच आतून तापते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पावसाने भिजलेले कुटार, अर्धवट वाळलेली वैरण दाबून रचली की आत वाफ धरते, उबट-आंबूस वास येतो, हात घातला तर चटका बसतो. तसे वाटले तर ढीग मोडून पसरावा, पण जवळ पाणी ठेवून. आतला भाग फार तापलेला असेल तर हवा लागताच पेट घेतो. मावशीने आता कुटार आणि कडबा गोठ्यापासून पन्नास-साठ पावलांवर नेला आहे. रोज टोपली वाहायला त्रास होतो, सून कुरकुर करते. पऱ्हाट्या तर गावाकडच्या अंगालाच येऊ देत नाहीत. विजेची तार गोठ्यावरून जात होती, तीही सरकवून घेतली.

आगीनंतरचे दोन दिवसही जपण्याचे असतात. लाख्या त्या दुपारी उभा होता, चारा खात होता, म्हणून सगळ्यांना वाटले तो बरा आहे. तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली. धूर छातीत गेलेले जनावर असेच फसवते. म्हणून वरून धड दिसले तरी पशुवैद्यकाला दाखवावे (१९६२ या क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावता येतो), आणि ते सांगेपर्यंत बैल जुवाला जुंपू नये. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी वीसेक मिनिटे हळूहळू ओतत राहावे. तेल, हळद, शाई, राख यांपैकी काहीही लावू नये. आपल्याकडे गर्दीत कुणीतरी चुना घेऊन येतोच, त्याला प्रेमाने परत पाठवावे. खूर आणि सड नीट पाहावेत. जनावर उभे असते म्हणून खुरांचे भाजणे लक्षात येत नाही. धापणाऱ्या जनावराच्या नरड्यात नाळीने पाणी ओतू नये.

ढवळ्याच्या बाबतीत आणखी एक चूक झाली, ती मावसाजी स्वतःच सांगत. दुःखाच्या भरात त्यांनी त्याला त्याच संध्याकाळी शेतात पुरले. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, फोटो नाही. मग मदत कशाच्या आधारावर मागणार? आपत्तीत दगावलेल्या जनावरांसाठी सरकारी निकष आहेत आणि त्यांत आगही धरली आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या दरांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,००० रुपये, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये. चांगला बैल एवढ्यात येत नाही, पण बुडीत खात्यापेक्षा बरे. त्यासाठी जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला हवा. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात तो सक्तीचा आहे आणि त्यावाचून मदत मिळत नाही. बिल्ल्यांचे आकडे मावशीने घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहेत, आणि मुलाच्या मोबाइलमध्ये प्रत्येक गुराचा फोटो आहे. कॅलेंडर जळाले तर मोबाइल, मोबाइल हरवला तर कॅलेंडर.

ही सगळी तयारी पुढे कामाला आली ती आगीत नव्हे. २०२२ च्या जुलैत वर्धेला मोठा पूर आला. वणी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना पाण्याने वेढा घातला, पाटाळ्याचा पूल बंद झाला, माणसांना नावांनी काढावे लागले. मावशीच्या गावात पाणी रात्री चढले. मावसाजी तेव्हा अंथरुणाला खिळलेले. सुनेने आणि नातवाने अंधारात गाठी ओढल्या आणि मागचे फाटक वाजवले. गाय पुढे, लाख्या मागे, शेळ्या घुंगराच्या आवाजामागे. कडुनिंबाची जागा थोडी उंचावर आहे. पाणी गोठ्यात छातीएवढे आले, तिथे गुडघ्यापर्यंत थांबले. पहाटे नातू मोजायला गेला तर सगळी गुरे तिथेच उभी, ढेपेची वाट पाहत असल्यासारखी. डालगे मात्र घाईत राहून गेले, त्या कोंबड्या वाहून गेल्या.

मावसाजी त्याच दिवाळीत गेले. लाख्याही आता नाही. दावणीला आज सुनेने घेतलेल्या दोन गाई आणि एक गोऱ्हा आहे. नांगरटीला ट्रॅक्टर येतो. मी निघालो त्या संध्याकाळी नातवाने गोऱ्ह्याला पहिल्यांदाच मागच्या दाराने काढायचे ठरवले होते. गोऱ्हा उंबऱ्यावर अडला. पोराने ओढले, तो मागे रेटला. मावशी खाटेवरून ओरडली, "ओढू नको रे त्याले! बाजूले उभा राह्य, अन् गाईले आधी जाऊ दे." गाय निघाली. गोऱ्हा थोडा वेळ तिच्या शेपटीकडे पाहत उभा राहिला, मग एक पाय बाहेर टाकला आणि पुन्हा आत घेतला. माझी वणीची गाडी साडेसहाची होती. तो बाहेर आला की नाही ते पाहायला मला थांबता आले नाही. रात्री नातवाचा फोन आला. चौथ्या वेळी आला म्हणे, आणि ढेप सगळी त्यानेच खाल्ली.